मनाचीही रोजची झाडलोट

सकाळचा चहा झाला, डबे भरून झाले, मुलं शाळेत गेली, की आपण पहिल्यांदा घर झाडून घेतो. काल झाडलं होतं म्हणून आज केर निघत नाही, असं कधी होत नाही. दारं-खिडक्या लावून ठेवल्या तरी धूळ येते. त्याचं आपल्याला आश्चर्य वाटत नाही, की वाईटही वाटत नाही. घर आहे, तिथे केर व्हायचाच.

मनाच्या बाबतीत मात्र आपण बायका निराळा हिशेब धरतो. एखादी यात्रा, एखादं पारायण, एक अख्खा श्रावण नेमानं पाळला, की वर्षभर मन आपोआप स्वच्छ राहील अशी आपली समजूत असते. मग आठ दिवसांत पुन्हा कुणाचा तरी हेवा वाटतो, मुलावर आवाज चढतो, आणि आपणच कपाळाला हात लावतो, “एवढं केलं, पण मी आहे तिथेच!”

योगशास्त्र या ठिकाणी आपल्याला फार धीर देतं. मनात केर होतो हे ते गृहीत धरतं, आणि तो रोज कसा काढायचा हे सांगतं.

योग म्हणजे नुसती आसनं नव्हेत

योग म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती सतरंजी, वज्रासन आणि कमी न होणारा पोटाचा घेर! २०१५ पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होऊ लागला आणि आता लहान लहान गावांतूनही योगाचे वर्ग भरतात. आपल्या महाराष्ट्राचा तर या कामात मोठा वाटा आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था १९७५ मध्ये उभी राहिली. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी पाळी, गरोदरपण, बाळंतपण यांचा विचार करून खास स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. शरीर धड असेल तर मनाकडे बघायला उसंत मिळते, तेव्हा आसनं जरूर करावीत.

पण पतंजलींची योगसूत्रं उघडून पाहिली तर गंमत वाटते. चार पाद आणि जवळजवळ दोनशे छोटी सूत्रं. त्यांत आसनांबद्दल थेट बोलणारी सूत्रं किती? अवघी तीन! बाकीचा पुष्कळसा भाग मनाबद्दल आहे. ते कशानं गढूळ होतं, कशानं निवळतं, त्याला धरायचं कसं, सोडायचं कसं. कृ. के. कोल्हटकरांनी योगसूत्रांवरच्या आपल्या मोठ्या मराठी ग्रंथाला ‘भारतीय मानसशास्त्र’ असं नाव दिलं, ते उगीच नव्हे.

भाजीतलं मीठ आणि ‘मी’

माणसाच्या दुःखाची मुळं पतंजलींनी पाच सांगितली आहेत आणि त्यांना ‘क्लेश’ म्हटलं आहे. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. नावं जड आहेत, पण ही सगळी मंडळी आपल्या स्वयंपाकघरातच राहतात.

जेवताना यजमान म्हणाले, “आमटीत मीठ जास्त झालंय का गं?” बोलणं एवढंच. पण आपला घास घशात अडकतो. “सकाळपासून राबतेय, त्याचं काही नाही. मीठ तेवढं दिसलं!” आता बघा, मीठ जास्त झालं होतं आमटीत, पण ते जाऊन पडलं ‘मी’वर. आमटी चुकली याचा अर्थ मी चुकले, मी वाईट, माझी किंमत नाही. ज्या गोष्टीकडे आपण नुसतं पाहायचं, तिच्याशी आपण स्वतःला चिकटवून टाकतो. हीच अस्मिता. मुलाचे मार्क, नवऱ्याचा पगार, घराचे पडदे, स्वतःचं रूप, कशालाही हा ‘मी’ चिकटतो आणि मग त्या वस्तूला ओरखडा उठला की रक्त आपलं निघतं.

‘राग’ हा शब्दही समजून घेण्यासारखा आहे. मराठीत राग म्हणजे संताप. योगशास्त्रातला राग म्हणजे ओढ, आसक्ती. एकदा मिळालेलं सुख पुन्हा हवं, तसंच हवं, असा मनाचा हट्ट. पण आपले दोन अर्थ वाटतात तेवढे दूर नाहीत. कुठे आपण फार चिडतो ते आठवून पाहा. जिथे काहीतरी आपल्याला हवं तसंच व्हायला हवं होतं, तिथेच ना? संतापाचं मूळ शोधत गेलं की बहुधा खाली एखादी ओढ सापडते.

द्वेष म्हणजे एकदा दुखावलं त्याच्याबद्दलची अढी. अभिनिवेश म्हणजे जगण्याला चिवटपणे धरून राहणं, मरणाचं भय. हे शहाण्यासुरत्यांनाही सुटलेलं नाही, असं पतंजलीच सांगतात. आणि या चौघांची जमीन म्हणजे अविद्या. जे टिकणारं नाही ते टिकेल असं धरून चालणं.

झोपलेली अढी

क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत, त्या मला सर्वांत उपयोगी वाटतात.

पहिली अवस्था झोपलेली. जावेबद्दलची जुनी अढी अकरा महिने मनात गाढ झोपलेली असते. आपल्याला वाटतं, गेली. मग गौरी-गणपतीला सगळे एकत्र जमतात, सासूबाईंनी तिलाच दिलेल्या त्या पाटल्या घालून ती येते, आणि झोपलेलं बी क्षणात अंकुरतं. दुसरी अवस्था बारीक झालेली. अढी आहे, पण क्षीण. तिसरी, झाकली गेलेली. पोरावर आपण तणतणत असतो तेव्हा त्याच्यावरची माया काही नाहीशी झालेली नसते. संतापामागे ती तेवढ्यापुरती दिसत नाही. चौथी अवस्था ‘उदार’. मराठीत उदार म्हणजे दानशूर, इथे मात्र पुरानं दोन्ही काठ भरून वाहणारा क्लेश!

हे कशासाठी सांगितलं? तर पुष्कळ जणी, “मला अजून हेवा वाटतो, म्हणजे माझी पूजाअर्चा फुकट” असं म्हणून खंतावतात. क्लेश एका दमात संपावा अशी अपेक्षाच सूत्रकारांनी केलेली नाही. तप, स्वाध्याय आणि ईश्वरावर भार टाकणं यांचा रोजचा परिपाठ त्यांनी सांगितला, तो क्लेश आधी बारीक करण्यासाठी. तेव्हा हेवा वाटला की नाही, एवढंच विचारू नये. पूर्वी एक टोमणा चार दिवस पुरायचा, आता किती पुरतो, हेही विचारावं. चार दिवसांचे चार तास झाले असतील, तर तुमचा योग चालू आहे. मग पद्मासन जमो न जमो.

चार माणसं, चार भाव

मन निवळावं म्हणून पतंजलींनी एक साधा उपाय दिला आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं वागणाऱ्याविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. खरं सांगायचं तर आपण नेमकं उलटं करतो. सुखी दिसला की हेवा, दुःखी दिसला की “मी आधीच म्हटलं होतं”, चांगला दिसला की त्याचं काय खोटं आहे याचा शोध, आणि वाईट दिसला की त्याच्या नावानं रात्रभर जळणं!

शेजारच्या वहिनींनी नवीन फ्लॅट घेतला. मोबाइलवर वास्तुशांतीचे फोटो आले. मन लगेच आकडेमोड करू लागतं. त्याच्या आत फोन उचलावा आणि म्हणावं, “छान झालं हो! सामान लावायला येऊ का?” आपल्या सख्ख्या बहिणीनं घर घेतलं असतं तर हेच केलं असतं ना? मैत्री म्हणजे एवढंच, त्या सुखाला क्षणभर आपल्या माणसाचं सुख मानणं. सुरुवातीला हे ओढूनताणून वाटेल. वाटू द्यावं. पोळीही पहिल्या दिवशी गोल होत नाही.

करुणेत उपदेश आणू नये. जिच्या घरात आजारपण आहे तिला “अमुक डॉक्टरांकडे का नाही गेलात?” हे विचारण्यापेक्षा संध्याकाळचा डबा न्यावा, तिच्या मुलांना दोन तास आपल्याकडे बसवावं.

मुदिता सगळ्यांत अवघड. जाऊ अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं हसतमुखानं करते आणि नातेवाईक तिची वाखाणणी करतात. आपल्या ओठांवर येतं, “तिला काय, नोकरी थोडीच आहे!” हे वाक्य गिळावं आणि तिच्याच तोंडावर सांगावं, “तुम्ही फार मनापासून करता हो.” एकदा सांगून पाहा. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं.

उपेक्षा म्हणजे सोसणं नव्हे

उपेक्षेचा अर्थ मात्र नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण या एका शब्दापायी बायकांचं पुष्कळ नुकसान झालं आहे. “तू दुर्लक्ष कर, देव बघून घेईल,” असं सांगून कितीतरी जणींना नको ते सोसायला लावलं गेलं.

एखादी खवचट बोलते, तिचं बोलणं मनावर न घेणं ही उपेक्षा. पण नवरा दारू पिऊन हात उगारतो, घरात छळ होतो, पैशासाठी माहेरी पिटाळलं जातं, तिथे गप्प बसणं हा योग नव्हे. योगाच्या आठ अंगांत पहिलं अंग यमांचं, आणि यमांत पहिली अहिंसा, दुसरं सत्य. अहिंसा पाळायची तर स्वतःच्या देहाची हिंसा चालू देऊन कशी चालेल? आणि अंगावरचे वळ झाकून “जिन्यावरून पडले” म्हणणं हे सत्यात कसं बसेल? घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आहे. १८१ ही स्त्रियांसाठी मदतीची दूरध्वनी सेवा आहे. तिचा उपयोग जरूर करावा. उपेक्षा करायची ती मनातल्या जळफळाटाची, उपायांची नव्हे.

रात्रीची दहा मिनिटं

आता हे रोजच्या धबडग्यात बसवायचं कसं? ओटा आवरून झाला, गॅस बंद केला, की झोपण्यापूर्वी दहा मिनिटं स्वतःसाठी काढावीत. देवघरासमोर, गच्चीत, जिथे कुणी हाक मारणार नाही तिथे. टीव्ही नको, मोबाइल नको.

आधी पाच-सहा श्वास संथपणे घ्यावेत. मग दिवसभरातला एकच प्रसंग आठवावा, जिथे मन ढवळलं. तो पुन्हा रंगवायचा नाही आणि समोरच्याला मनातल्या मनात उत्तरंही द्यायची नाहीत. फक्त विचारायचं, इथे कोण होतं? ‘मी’ दुखावला होता, की एखादी ओढ, की जुनी अढी, की भीती? नाव सापडलं की त्या क्लेशाचा जोर थोडा तरी ओसरतो. मग विचारायचं, चार भावांपैकी इथे कोणता चालला असता? उत्तर आलं की विषय मिटवायचा. स्वतःला बोल लावत बसायचं नाही.

आणखी एक बारकावा. दुसऱ्याला इजा करण्याचा विचार आला तर त्याचे परिणाम डोळ्यांपुढे आणावेत, असं सूत्रकार सांगतात. आणि ही इजा तीन प्रकारांनी होते म्हणतात. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान डोलावून पसंत केलेली. हळदीकुंकवाच्या वेळी एखादीच्या सुनेचा विषय निघतो. आपण काही बोलत नाही, फक्त “हो का? मग?” एवढंच म्हणतो. हिशेबात तेही धरलं जातं!

जुन्या भाष्यकारांनी स्वाध्याय म्हणजे जप आणि मोक्षशास्त्राचं वाचन असा अर्थ दिला आहे. जपाची आवड असेल तर या दहा मिनिटांत नाम घ्यावं. वाचनाची असेल तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय थोडा थोडा वाचावा. त्यात योगाभ्यासाचं फार सुंदर वर्णन आहे. मात्र वाचलेलं आपल्या घराला लावून पाहावं. या अभ्यासाला लांबचा पल्ला लागतो, मध्ये खाडे चालत नाहीत आणि उरकून टाकल्यासारखा करूनही भागत नाही.

एक सावधगिरी हवी. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर केवळ श्वासावर आणि जपावर विसंबू नये. डॉक्टरांना दाखवावं. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मानसिक त्रासासाठी विनामूल्य बोलता येतं. पाय मोडल्यावर आपण प्लास्टर घालतोच ना? तसंच हे.

हाती काय लागतं?

लग्न झाल्यापासून आपण कुणाची तरी सून, कुणाची बायको, कुणाची आई म्हणून वावरतो. ही नाती खोटी नाहीत, गोडच आहेत. पण मुलं शिकायला परगावी गेली, सासूबाई राहिल्या नाहीत, की पुष्कळ जणींना घर खायला उठतं. आता मी कोण, हा प्रश्न पंचावन्नाव्या वर्षी एकदम समोर येतो. रोज दहा मिनिटं मनाकडे पाहण्याची सवय असली, तर हे सगळं पाहणारी, या प्रत्येक नात्याच्या मागे असणारी जी कुणी आहे, तिची थोडी ओळख आधीच झालेली असते. पतंजली तिला द्रष्टा म्हणतात. ती सूनही नाही आणि सासूही नाही. तिची सोबत असली की रिकामं घर तेवढं रिकामं वाटत नाही.

याची परीक्षा घ्यायला हिमालयात जावं लागत नाही. पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “आमटी खारट झालीय,” तर चव घेऊन पाहावी. झाली असेल तर “हो, झाली खरी” म्हणावं, थोडं गरम पाणी आणि उकडलेला बटाटा घालून एक उकळी आणावी, आणि पानावर येऊन बसावं.