डेटाबेस समन्वय

डेटाबेस समन्वय : संकेतस्थळाच्या आज्ञावलीशी जोडलेल्या डेटाबेसच्या विकसन, चाचणी व प्रत्यक्ष वापर यांसाठी ठेवलेल्या स्वतंत्र प्रतींची रचना एकसारखी राखण्याची पद्धती. येथे एकसारखेपणा अभिप्रेत आहे तो केवळ रचनेचा, म्हणजे सारण्या, त्यांतील स्तंभ, स्तंभांचे प्रकार, निर्देशसूची व निर्बंध यांचा. या रचनेस स्कीमा म्हणतात. सारण्यांत भरलेली माहिती मात्र प्रत्येक प्रतीत निराळी असते व ती तशीच असावी लागते.

विकसन-प्रत आज्ञावलीकाराच्या स्वतःच्या संगणकावर असते. तीत तो मनास येईल ते भरतो आणि पुसतो. चाचणी-प्रत ही स्वयंचलित चाचण्यांसाठी राखीव असून प्रत्येक चाचणीस ती ठरलेल्या स्थितीत मिळावी लागते. प्रत्यक्ष वापराच्या प्रतीत लोकांची खरी माहिती असते. एकाच प्रतीवर ही सर्व कामे केल्यास चाचणीच्या आरंभी होणाऱ्या सफाईत उपयुक्त माहिती नाहीशी होण्याचा धोका असतो.

विसंगतीची कारणे : आज्ञावली ही केवळ मजकुराच्या स्वरूपात असल्याने तिची नवी आवृत्ती जुनीच्या जागी ठेवता येते. डेटाबेसचे तसे नसते; त्यातील माहिती टिकवून त्याची रचना बदलावी लागते. समजा, ग्रंथालयाच्या संकेतस्थळासाठी ‘वाचक’ या सारणीत भ्रमणध्वनीचा स्तंभ हवा आहे. आज्ञावलीकाराने तो आपल्या विकसन-प्रतीत हाताने घातला, तर त्याच्या संगणकावर सर्व सुरळीत चालते. परंतु चाचणी-प्रतीत तो स्तंभ नसल्याने चाचण्या फसतात. याउलट स्तंभ केवळ विकसन व चाचणी या प्रतींत घातला गेला, तर चाचण्या उत्तीर्ण होतात आणि दोष उघडकीस येतो तो प्रत्यक्ष वापरात. ही दुसरी स्थिती अधिक घातक होय. कारण तीत चाचणीवरील विश्वासच निराधार ठरतो.

मायग्रेशन पद्धती : रचनेतील प्रत्येक बदल हाताने न करता एका लहान लिखित आज्ञावलीच्या रूपाने नोंदवावा व ती मूळ आज्ञावलीबरोबरच जतन करावी, हा यावरील मान्य उपाय आहे. या नोंदीस मायग्रेशन म्हणतात. प्रमोद साडळगे व मार्टिन फाउलर यांनी २००३ मध्ये डेटाबेसच्या क्रमविकासी अभिकल्पाविषयी लिहिलेल्या लेखात या विचाराची मांडणी आढळते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रूबी ऑन रेल्स’ या डेव्हिड हाइनमायर हॅन्सनकृत चौकटीमुळे ही पद्धती वेब विकसनात रूढ झाली. पायथन भाषेतील ‘जँगो’ या चौकटीत ती १.७ या आवृत्तीपासून (२०१४) अंगभूत आहे.

रेल्समध्ये कोणती मायग्रेशने पार पडली याची नोंद त्याच डेटाबेसमधील एका सारणीत राहते. त्यामुळे कोणतीही प्रत कितीही मागे राहिली असली, तरी उरलेले बदल क्रमाने करून ती अद्ययावत करता येते. आरंभी मायग्रेशनांना १, २, ३ असे क्रमांक असत. दोघांनी एकाच वेळी काम केल्यास दोन निराळ्या बदलांना एकच क्रमांक मिळे. म्हणून २००८ मध्ये रेल्सच्या २.१ या आवृत्तीपासून दिनांक व वेळ यांवरून क्रमांक देण्यात येऊ लागले. सहकाऱ्यांच्या हाती गेलेले मायग्रेशन मागाहून दुरुस्त करू नये, नवे लिहावे, असा संकेत आहे. कारण ज्या प्रतीवर ते आधीच पार पडले आहे, तेथे दुरुस्ती पोहोचत नाही.

चाचणी-प्रत : ही प्रत जतन करण्यापेक्षा पुनःपुन्हा नव्याने उभारणे इष्ट ठरते. रेल्स विकसन-प्रतीच्या अंतिम रचनेचे लेखी वर्णन तयार करते व त्यावरून चाचणी-प्रत बांधते. जँगो चाचणीपूर्वी वेगळा डेटाबेस निर्माण करून त्यावर सर्व मायग्रेशने चालविते आणि शेवटी तो नष्ट करते. प्रत्येक चाचणी एका व्यवहारात गुंफून अखेरीस तो व्यवहार रद्द केल्यास एका चाचणीचा अवशेष दुसरीत उरत नाही.

रचना सारखी असूनही डेटाबेस प्रणाली निराळ्या असतील, तर समन्वय अपुरा राहतो. सोयीसाठी चाचणी एसक्यूलाइटवर व प्रत्यक्ष वापर पोस्टग्रेएसक्यूएलवर ठेवल्यास, स्तंभाची घोषित अक्षरमर्यादा पहिली प्रणाली पाळत नाही, दुसरी पाळते. मराठी माहितीच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना व हलन्त धरून १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट होतात. तोच शब्द रोमन लिपीत ११ बाइटांत मावतो. स्तंभाची मर्यादा बाइटांत मोजली जात असेल, तर केवळ रोमन नावांवर घेतलेली चाचणी दिशाभूल करते.

खऱ्या माहितीची नक्कल : प्रत्यक्ष वापराची प्रत जशीच्या तशी चाचणीसाठी उतरविणे सोपे असले, तरी त्यामुळे लोकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक कमी संरक्षित संगणकांवर पसरतात. यूरोपीय संघाचे माहिती संरक्षण विनियम २०१८ पासून लागू झाले व भारतात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्यामुळे हा प्रश्न कायद्याच्या कक्षेतही आला आहे. अशी नक्कल अटळ असल्यास ओळख पटविणारे तपशील आधी बदलावे लागतात.

प्रती स्वतंत्र असल्या, तरी आपण कोणत्या प्रतीवर काम करीत आहोत याचे भान सुटल्यास अनर्थ ओढवतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या आज्ञावली-संग्रह सेवेतील एका अभियंत्याने दुय्यम प्रत समजून मुख्य डेटाबेसमधील माहिती पुसली. नेहमीच्या राखीव प्रती निकामी ठरल्या. सुमारे ६ तास आधी चाचणीच्या कामासाठी सहज घेतलेल्या नकलेवरून सेवा पुन्हा उभी करण्यात आली. मधल्या काळातील माहिती मात्र कायमची गेली. मायग्रेशनांच्या आधारे रिकाम्या सारण्या केव्हाही पुन्हा उभारता येतात, त्यांतील माहिती नव्हे. म्हणूनच रचनेचा समन्वय हा माहितीच्या राखीव प्रतींना पर्याय ठरत नाही.