सोळाशे मीटर आणि सहा महिने

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या उपनगरांतली पहाट बदलते. घाटकोपर-विक्रोळीच्या टेकडीवरच्या वस्त्या, मुलुंडची मैदानं, मरोळचा परिसर, आरे कॉलनीचा रस्ता, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, जिथे म्हणून पाय मोकळे करायला जागा आहे तिथे मुलं-मुली धावताना दिसू लागतात. कुणी रात्रपाळी संपवून थेट मैदानावर आलेला असतो, कुणाला सात वाजता दुकान उघडायचं असतं. २०२४ सालच्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर जण. या शंभरांतून कोण पुढे सरकणार याचा पहिला निवाडा पुस्तकांवर होत नाही, पायांवर होतो.

मी कविता लिहिणारा माणूस. धावण्याशी माझा संबंध आला तो घड्याळामुळे. फजरच्या नमाजनंतर मी मैदानाला चार फेऱ्या मारतो. तिथली मुलं माझ्या हातात मोबाइल देतात, ‘चाचा, जरा टाइम लावा ना.’ गेली काही वर्षं हे काम माझ्याकडे आहे. कोण किती वेळात धावला हे टिपता टिपता, डॉक्टरांना आणि जुन्या खेळाडूंना विचारता विचारता जे समजलं, ते आज सांगतो. त्याचं सार एवढंच: ही परीक्षा जाहिरात निघाल्यावर सुरू होत नाही, सहा महिने आधी सुरू होते. ते सहा महिने सहा आठवड्यांत उरकायला जाणारा नोकरीबरोबर जीवही पणाला लावतो.

जीव पणाला लावतो, हे मी उगाच म्हणत नाही. जून २०१४ मध्ये मुंबई पोलीस भरतीसाठी विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर पाच किलोमीटर धावण्याची चाचणी झाली. त्या भरतीत किमान चार तरुण दगावले. पुढे हे अंतर कमी करण्यात आलं. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये कलिना इथल्या मैदानात सोळाशे मीटर धावल्यानंतर एका उमेदवाराचा मृत्यू झाला. अंतर घटलं, धोका संपला नाही. म्हणून अंतराइतकंच लक्ष तयारीकडे द्यायला हवं.

आधी परीक्षा काय आहे ते पाहू. अलीकडच्या शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. पुरुषांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि ७.२६० किलो वजनाची गोळाफेक. सोळाशे मीटरला पैकीच्या पैकी २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. मुलींना ८०० मीटर असतं, पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद. सैन्याच्या भरतीतही १६०० मीटरच धावायचं असतं. तिथे वरच्या गटासाठी साडेपाच मिनिटं आणि पूर्ण गुणांसाठी दहा पुलअप्स. निकष बदलत राहतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

आता ५ मिनिटं १० सेकंदांचा हिशेब करा. चारशे मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या, प्रत्येक फेरी ७७ ते ७८ सेकंदांत. कोणत्याही धडधाकट मुलाला एक फेरी या वेगानं जमते. खरी अडचण तिसऱ्या फेरीत येते. मैदानावर मी पुन्हा पुन्हा पाहतो: पहिली फेरी सत्तर सेकंदांत, दुसरी ऐंशीत, तिसरी नव्वदच्या पुढे, आणि चौथीत पोरगा नुसता पाय ओढतो. वृत्तात लिहिणाऱ्याला हे लगेच उमगतं. पहिल्या चरणातच सगळा श्वास खर्च केला तर शेवटचा चरण लंगडा होतो.

असं का होतं? स्नायूंमध्ये साठवलेली ऊर्जा वेगवान धावेत काही सेकंदच पुरते. सोळाशे मीटरला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा, साधारण चार-पंचमांश, ऑक्सिजनच्या मदतीनं तयार होतो. तो पुरवायचा तर हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता आलं पाहिजे आणि स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढलं पाहिजे. ही कामं आठवड्यांच्या हिशेबानं होतात. हाडं आणि स्नायूबंध तर त्याहून सावकाश कणखर होतात. दम लवकर वाढतो, नडगीचं हाड मागे राहतं. म्हणूनच नव्यानं धावणाऱ्यांची नडगी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखू लागते. ती कळ सोसून डांबरी रस्त्यावर धावत राहिलं तर हाडाला बारीक चीर जाते आणि भरतीचा मोसम घरी बसून काढावा लागतो.

तेव्हा पहिले दोन महिने वेग विसरा. आठवड्यातून चार दिवस, अर्धा-पाऊण तास, शेजारच्याशी बोलता येईल अशा बेतानं धावा; सुरुवातीला मध्ये मध्ये चाललं तरी चालेल. दर आठवड्याला अंतर फार तर दहाव्या हिश्शानं वाढवा. शक्यतो मातीवर धावा. दोन दिवस जोर, बैठका, पुलअप्स. एक दिवस पूर्ण विश्रांती, कारण शरीर घडतं ते विश्रांतीतच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आठवड्यातून एक दिवस तुकड्यांचा सराव सुरू करा: आधी दोनशे मीटरचे सहा-आठ तुकडे, मग चारशेचे चार ते सहा, प्रत्येकी ७८ सेकंदांच्या आसपास, मध्ये दोन-तीन मिनिटं चालणं. गोळ्याचा सरावही याच काळात. गोळा हाताच्या जोरावर जात नाही. पाय, कंबर आणि मग खांदा, या क्रमानं तो सुटतो. पाचव्या महिन्यात घड्याळ लावून पूर्ण सोळाशे, तेही दहा-पंधरा दिवसांतून एकदा. शेवटचे दहा दिवस सराव निम्म्यावर आणा. आदल्या आठवड्यात केलेल्या जादा कष्टाचं फळ मिळत नाही, थकवा मात्र मिळतो.

तुकड्यांची ही पद्धत जुनीच आहे. झेकोस्लोव्हाकियाच्या सैन्यातला एमिल झाटोपेक चारशे मीटरच्या असंख्य फेऱ्या मारून तयार झाला आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यानं पाच हजार, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं जिंकली. त्याच ऑलिम्पिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. ते पुढे १९५५ मध्ये पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. आपल्या काळातलं उदाहरण हवं तर बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला, आणि धावण्याच्या स्पर्धांकडे वळला तो २०१५ मध्ये. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं स्टीपलचेसचं रौप्यपदक आलं २०२२ मध्ये. मध्ये सात वर्षं गेली.

आता मुंबईच्या हवेविषयी. घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही, घाम वाळला की थंड होतं. आपल्याकडच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळतो, आणि आतली उष्णता वाढत जाते. बाहेरगावहून आलेल्या मुलांना ही हवा अंगवळणी पडायला दहा ते चौदा दिवस लागतात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदूवर परिणाम होतो. धावणारा झोकांड्या देऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर तो ‘थकलाय’ असं समजू नका. त्याला तिथल्या तिथे सावलीत आडवं करा, अंगावर गार पाणी ओता, काखेत-मानेवर बर्फ ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. श्वासच थांबला असेल तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरानं दाबत राहा. प्रत्येक सराव-गटात हे येणारे दोघे तरी हवेत.

रमजानमध्ये मुलं मला विचारतात, ‘चाचा, सराव बंद करू का?’ बंद नको, वेळ बदला. रोजा असताना दिवसा जोराचं धावणं टाळा. इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी हलकं धावा आणि सहरीपर्यंत थोडं थोडं पाणी पीत राहा. चाचणीची तारीखच रोजात आली तर आपल्या मौलानांना आणि डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. नवरात्राचे निर्जळी उपवास करणाऱ्यांनाही हाच सल्ला.

सराव सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा. धावताना छातीत दुखलं असेल, भोवळ आली असेल, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर हृदयाची तपासणी झाल्याशिवाय धावू नये. विदर्भ, नंदुरबार भागातल्या आदिवासी कुटुंबांतल्या मुलांनी सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी. एरवी काहीही त्रास नसलेल्या वाहकालाही अतिश्रमात धोका होऊ शकतो. मुलींनी हिमोग्लोबिन पाहावं, कारण आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, आणि रक्त कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम वाढत नाही. ताप किंवा जुलाब असताना धावू नये. आणि कुणी ताकदीचं इंजेक्शन किंवा पावडर देऊ केली तर हात जोडून नाही म्हणावं. ती ताकद देत नाही, थकव्याची सूचना तेवढी दाबते.

चाचणीच्या दिवशी उपाशीपोटी जाऊ नका. दोन-तीन तास आधी पोळी-गूळ, केळं, पाणी. दहा मिनिटं हलकं धावून अंग गरम करा. पहिली फेरी राखून धावा. रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका. रक्त पायांत उतरलेलं असतं, एकदम थांबलं की चक्कर येते. पाचेक मिनिटं चालत राहा.

शेवटचं सांगणं धावणाऱ्यांना नाही, आपल्यालाच. भरतीच्या दिवसांत बाहेरगावची मुलं आपल्या उपनगरांत फुटपाथवर, पुलाखाली रात्र काढतात आणि सकाळी न झोपलेल्या अंगानं धावतात. त्यांच्यासाठी शाळेचा एखादा वर्ग, मशिदीचा किंवा देवळाचा ओटा, समाजमंदिर उघडून देणं, प्यायचं पाणी ठेवणं आपल्याला जड नाही. शंभरांत एकाला वर्दी मिळणार आहे. उरलेल्या नव्याण्णवांनाही धडधाकट घरी पोहोचायचं असतं, आणि त्यांची वाट पाहणारं कुणीतरी गावाकडे असतं.