डबीतल्या रबराचा भाव काय?

परळच्या एका चाळीत माझा मित्र राहतो. त्याच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात, रेशनकार्ड आणि पासबुकं ठेवलेल्या पिशवीतच, तपकिरीची एक जुनी डबी आहे. उघडली की आत करंगळीएवढा काळा, चिवट तुकडा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सरळ म्हणालो, ‘‘हे काय, डांबर?’’ मित्राचे बाबा गॅरेजमध्ये मेकॅनिक. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तो फॉर्म्युला वनच्या टायरचा रबर आहे. २७ ऑक्टोबर २०१३, दिवाळीच्या आधीचा रविवार. गॅरेजमधले चौघं पैसे साठवून ट्रेनने दिल्लीला गेले आणि तिथून ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. शर्यतीत टायर झिजतात, त्यांचे गोळे ट्रॅकच्या कडेला साचतात. रेसवाले त्यांना ‘मार्बल्स’ म्हणतात, म्हणजे आपल्या गोट्या. एका ओळखीच्या मार्शलने शर्यत संपल्यावर त्यातली एक गोटी यांच्या हातावर ठेवली.

विषय निघाला तो यंदा, मित्राला लॅपटॉप घ्यायचा होता म्हणून. घरात विकण्यासारखं काय काय आहे याची यादी झाली आणि त्यात डबी आली. सोबत त्या दिवसाचं तिकीट, गळ्यात अडकवायच्या पट्टीसकट. एका कलेक्टरला फोटो पाठवले. अर्ध्या तासात उत्तर आलं : तिकिटाचे पंधराशे देतो, रबराचे शून्य.

शून्य का? कारण तो रबर त्याच शर्यतीतला आहे हे सिद्ध कसं करणार? उद्या मी लालबागच्या कुठल्याही टायरवाल्याकडून तुकडा आणून डबीत ठेवला तर तो वेगळा कसा ओळखायचा? तिकिटावर निदान तारीख असते, स्टँडचं नाव असतं. शिवाय आपल्याकडे ही शर्यत २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीनच वर्षं झाली आणि बंद पडली. तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेलच जिंकला. जे पुन्हा छापलं जाणार नाही, त्याला भाव येतो. बाबांचं म्हणणं, शर्यत बंद पडली याचं आम्हाला वाईट वाटलं आणि याच्या तिकिटाला त्यामुळेच भाव, हा काय न्याय!

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट. २०१३ची ती शर्यत जिंकून व्हेटेल चौथ्यांदा जगज्जेता झाला. नियमाप्रमाणे गाडी आत न्यायची सोडून त्याने ग्रँडस्टँडसमोरच गरागरा गोल फिरवली, खाली उतरून गाडीला नमस्कार घातला आणि हातमोजे प्रेक्षकांत भिरकावले. या उद्योगाबद्दल त्याच्या टीमला २५ हजार युरोचा दंड झाला. ते हातमोजे कुणाच्या तरी हाती लागले असणार. आज ते कुणाच्या कपाटात असतील, तर त्याच्याकडे घबाड आहे की नुसते मळके मोजे, हे एकाच गोष्टीवर ठरेल : पुरावा. झेलतानाचा फोटो असेल, शिवणीवरचा एखादा डाग त्या दिवशीच्या छायाचित्रांशी जुळत असेल, तर लिलावघर दार उघडेल. मोठ्या लिलावांत हेल्मेट आणि रेसिंग सूट असेच तपासतात. ओरखडा न् ओरखडा जुन्या फोटोंशी ताडून पाहतात. म्हणून वापरलेलं, खरवडलेलं हेल्मेट कोऱ्यापेक्षा कितीतरी महाग जातं. आपल्या आईला हे पटवून दाखवा!

वरच्या टोकाचे आकडे ऐकले की गरगरतं. फेब्रुवारी २०२५मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला १९५४ सालची मर्सिडीज डब्ल्यू १९६ आर ५ कोटी ११ लाख युरोला गेली, म्हणजे साडेचारशे कोटी रुपयांच्या वर. हुआन मॅन्युएल फॅन्जिओ आणि स्टर्लिंग मॉस या दोघांनीही ती चालवलेली. लुइस हॅमिल्टनची २०१३ची मर्सिडीज २०२३मध्ये लास व्हेगासला १ कोटी ८८ लाख डॉलरला विकली गेली. त्या आख्ख्या मोसमात हॅमिल्टनने एकच शर्यत जिंकली होती, हंगेरीची. पण मर्सिडीजमध्ये आल्यावरचा तो त्याचा पहिला विजय. पुढे तो कोण झाला हे आज माहीत आहे, म्हणून त्या एका विजयाला एवढं मोल.

आणि आपल्या दादरकरांची फेरारी? शिवाजी पार्कात घडलेल्या सचिनने २००२मध्ये डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला फेरारी ३६० मॉडेना भेट दिली. सिल्व्हरस्टोनला ती त्याच्या हवाली केली खुद्द मायकेल शूमाकरने. मग गाडी भारतात आणायची तर सीमाशुल्क. सरकारने ते माफ केलं, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि अखेर १ कोटी १३ लाखांची ती रक्कम फियाटने भरली. २०११मध्ये सचिनने ही गाडी सुरतच्या एका उद्योजकाला विकली. पुढच्या वर्षी ‘फेरारी की सवारी’ नावाचा सिनेमाही येऊन गेला. माझ्या मते मोटरस्पोर्टची आठवण म्हणावी अशी मुंबईतली सगळ्यात मोठी वस्तू हीच होती, जरी ती एकही शर्यत धावली नाही. ३६० मॉडेना जगात हजारो आहेत, पण शूमाकरने सचिनला दिलेली एकच.

चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर फिरलात तर जुने हबकॅप, बॉनेटवरची चिन्हं, मीटर, पत्र्याच्या पाट्या दिसतात. मला तिथे नेहमी १९६८ आठवतं (जन्म नव्हता, वाचलेलं आठवतं). त्या वर्षी लंडन ते सिडनी अशी मोटार मॅरेथॉन झाली. २४ नोव्हेंबरला ९८ गाड्या लंडनहून निघाल्या आणि इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत त्यातल्या ७२ मुंबईत पोहोचल्या. इथे पहिल्या नंबरावर होता रॉजर क्लार्क, लोटस कॉर्टिनामध्ये. मग सगळ्या गाड्या मुंबई बंदरात ‘चुसान’ बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. जिंकला शेवटी अँड्र्यू कोवान, हिलमन हंटर घेऊन. त्या गाड्यांवरच्या रॅलीच्या पाट्या आज संग्राहक शोधत असतात. या शहरात तेव्हा एखादी पाटी सुटून पडली असेल का, कुठल्या गॅरेजच्या भिंतीला ठोकली असेल का, कुणास ठाऊक. पण चोरबाजारात कुणी तशी पाटी दाखवून ‘ओरिजिनल है’ म्हणालं, तर लगेच पाकीट काढू नका. पत्रा जुना करायला मिठाचं पाणी आणि दोन पावसाळे पुरतात.

आपल्या वयातले बहुतेक जण हॉट व्हील्सपासून सुरुवात करतात. दीडदोनशेची गाडी, त्यात एखादी ‘सुपर ट्रेझर हंट’ निघाली की दुकानातून बाहेर पडायच्या आत ती कित्येक पटीला विकायला लागलेली असते. चमकता रंग आणि खऱ्या रबराची चाकं एवढाच तर फरक. मॉलमध्ये पेट्या फुटताच सगळा माल उचलणारी मंडळी आहेत, त्यांच्यामुळे लहान पोरांना हव्या त्या गाड्या मिळत नाहीत, याचा मला मनापासून राग आहे. त्यातल्या निम्म्यांना ती गाडी कुठली हेही माहीत नसतं. पाकीट फोडायचं नाही, कारण फोडलं की भाव पडतो. म्हणजे खेळणं घ्यायचं आणि खेळायचं नाही. सही केलेल्या टोप्यांचं तर विचारूच नका. सही खरी असेल, पण ड्रायव्हरला ती करताना कुणी पाहिलं? सोबतचं प्रमाणपत्र घरच्या प्रिंटरवरही छापता येतं.

तर, परळला. मित्राने बाबांना विचारलं. मला वाटलं, ते चिडतील. ते म्हणाले, ‘‘तिकीट वीक. तसलं हजारोंकडे आहे. डबीला हात लावू नकोस.’’ ज्या वस्तूला बाजाराने शून्य दिलं, तीच त्यांनी ठेवली.

तिकीट पाठवताना त्या कलेक्टरने एक अट घातली : ज्यांनी शर्यत पाहिली, त्यांनी त्या दिवसाचं काहीतरी स्वतःच्या हाताने लिहून द्यावं. बाबांनी वहीचं पान फाडून लिहिलं. कुठल्या गाडीने गेलो, कुठे बसलो, हातमोजे कुठल्या बाजूला पडले. लिहिताना दोनदा खोडलं. पाकीट पोहोचल्यावर कलेक्टरचा फोन आला आणि त्याने आपणहून पाचशे वाढवले.

मग तो बाबांशीच बोलत बसला, पाऊण तास. फोन ठेवल्यावर बाबांनी मित्राला विचारलं, ‘‘हा होता का रे तिथे?’’

‘‘नाही. तेव्हा तो चौथीत होता.’’

‘‘तरीच,’’ बाबा म्हणाले. ‘‘आवाज कसा होता, तेच सारखं विचारत होता.’’