बाबांच्या बाबांच्या बाबांचा शोध

तुमच्या खापरपणजोबांचं नाव सांगा बघू! अडखळलात ना? तरी तुम्ही नशीबवान. घरात कुणाला तरी विचारता येतं, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत पिढ्यांची नावं सापडू शकतात. पण ज्यांच्या पूर्वजांची नावंच कुणी लिहून ठेवली नाहीत, त्यांनी काय करायचं?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांपुढे नेमका हाच प्रश्न आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी झाली. त्यात नाव मालकाचं. गुलामाचं फक्त वय, लिंग आणि रंग. गुलामीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० मध्ये. त्यामागे शोधायला गेलं की समोर भिंतच!

या भिंतीला भगदाड पाडतं ते वाय गुणसूत्र. ते वडिलांकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. अधूनमधून त्यात एखादा बारीक बदल होतो आणि तो पुढच्या पिढ्यांत टिकतो. अशा खुणांवरून गट पाडले जातात. ‘ई-एम२’ हा त्यातला एक गट पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर आढळतो. चाचणीसाठी गालाच्या आतून बोळा फिरवायचा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, बस्स! मुलींमध्ये वाय नसतं. त्यांनी भावाला, बाबांना किंवा काकांना पटवायचं.

पण उत्तर मनासारखं येईलच असं नाही. साधारण तीनपैकी एका कृष्णवर्णीय अमेरिकन पुरुषाची पितृरेषा आफ्रिकेत नव्हे, युरोपात जाते. यामागे बहुतांशी गोऱ्या मालकांनी आणि मुकादमांनी गुलाम स्त्रियांवर केलेली जबरदस्ती आहे. १९७६ मध्ये ‘रूट्स’ लिहून लाखोंना मुळं शोधायला लावणाऱ्या अ‍ॅलेक्स हेली यांच्या घराण्याची पितृरेषाही स्कॉटलंडकडे गेली. ‘रूट्स’मधला शोध त्यांच्या आईकडचा होता.

उलटंही घडतं. २००७ मध्ये लीस्टर विद्यापीठाच्या संशोधकांना यॉर्कशायरमधल्या एका दुर्मीळ आडनावाच्या १८ गोऱ्या पुरुषांपैकी ७ जणांत पश्चिम आफ्रिकेतलं अतिदुर्मीळ वाय गुणसूत्र सापडलं. कातडीचा रंग बघून कुणी ओळखलं असतं?

आता एक हिशेब करा. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे त्या पिढीतले पूर्वज होतात १०२४. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाचीच गोष्ट सांगतं. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. म्हणूनच अमेरिकेतली मंडळी अहवालासोबत जुनी खरेदीखतं आणि मालकांची मृत्युपत्रंही चाळतात.

आपल्या वंशावळी तरी काय वेगळ्या? त्यातही बहुधा बाप आणि मुलगाच! तेव्हा या रविवारी वही-पेन घ्या आणि आजीशेजारी बसा. तिच्या आईचं नाव आधी लिहा. ते कुठल्याच चोपडीत सापडणार नाही कदाचित.