साठ इंची धनुष्य, पण कोणतं?

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादाने तुम्हीही दुकानात जाता आणि 'टेकडाउन रिकर्व्ह' हातात घेता, म्हणजे तीन तुकड्यांत सुटणारं, टोकाशी उलटं वळलेलं धनुष्य. (ब्रिटनमधल्या वाचकांनी पुढचं नुसतं पदार्थविज्ञान म्हणून वाचावं, तिथे धनुष्याने शिकार बेकायदा आहे. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा प्रश्नच उरलेला नाही.)

दुकानदार विचारतो, "लांबी किती हवी?" तुम्ही कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून सांगता, "साठ इंच." खरी गंमत इथून पुढे आहे, कारण साठ इंच एकाहून जास्त तऱ्हांनी जुळतात.

मधला, मुठीचा, न वाकणारा भाग म्हणजे रायझर. त्याला वर-खाली जोडायच्या लवचीक पट्ट्यांना इंग्रजीत लिंब म्हणतात. आपल्याला त्या शब्दाने कडुनिंब आठवेल, तेव्हा मी त्यांना 'पाती' म्हणतो. आयएलएफ नावाची जोडणीची एक सर्वमान्य पद्धत आहे. तिच्यात पाती आखूड, मध्यम आणि लांब अशा तीन मापांत मिळतात. २५ इंची रायझरवर त्यांनी अनुक्रमे ६६, ६८ आणि ७० इंचांचं धनुष्य होतं. रायझर जितका आखूड, तितकी एकूण लांबी कमी. म्हणजे १९ इंची रायझरला आखूड पाती लावली तरी साठ, १७ इंचीला मध्यम लावली तरी साठ आणि १५ इंचीला लांब लावली तरी साठच. 'बेअर' कंपनीच्या प्रसिद्ध टेकडाउनमध्येही हेच आहे: 'ए' रायझरला तीन नंबरची पाती किंवा 'बी' रायझरला एक नंबरची, दोन्हींचं उत्तर साठ. दोरीसुद्धा त्याच मापाची लागते. पण ओढून पाहिलंत तर ही धनुष्यं एकसारखी वागत नाहीत.

का, ते बघू. कपडे वाळत घालायची ताणलेली दोरी आठवा. मधोमध इंचभर खाली दाबलीत तर टोकं जेमतेम आत ओढली जातात. पण दोरी दाबून तिचा टोकदार कोन झाला की पुढच्या प्रत्येक इंचाला टोकांनाही जवळजवळ तेवढंच सरकावं लागतं. धनुष्यात ही टोकं म्हणजे पात्यांची टोकं, आणि ती सरकवायची तर पाती वाकवावी लागतात. म्हणून सुरुवातीला ताण हळूहळू वाढतो, इंचामागे साधारण दोन पौंड. मग एका जागी तो तीन-चार पौंडांच्या उड्या मारू लागतो. तिरंदाज याला 'स्टॅकिंग' म्हणतात. एकदम भिंत लागल्यासारखं वाटतं.

रायझर वाकत नाही, सगळं वाकणं पात्यांनाच करावं लागतं. पाती आखूड असतील तर तेवढंच सरकणं कमी लांबीत भागवावं लागतं, म्हणजे प्रत्येक इंचाला जास्त वाक आणि भिंत लवकर. लांब पाती हा भार वाटून घेतात, ओढ मऊ राहते. मग आखूड पाती घ्यायचीच कशाला? कारण त्यांची टोकं हलकी असतात. सोडल्यावर ती चटकन परततात आणि साठवलेल्या ऊर्जेतला जास्त वाटा बाणाला मिळतो. शिवाय त्यांच्यासोबत येणारा लांब रायझर मुठीपासून दूरवर वजन पसरवतो. डोंबारी दोरीवर चालताना लांब काठी धरतो त्यातलं तत्त्व इथेही आहे, हात थोडा हलला तरी धनुष्य सहज पिळत नाही.

तेव्हा निवड तुमच्या ओढीवर ठरते. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांतलं अंतर इंचात मोजा आणि अडीचने भागा. ६५ इंच आलं तर ओढ सुमारे २६. एवढ्या ओढीला साठ इंची धनुष्यात आखूड पातीसुद्धा भिंतीपर्यंत सहसा पोचत नाहीत, म्हणून मी १९ इंची रायझर आणि आखूड पाती घ्या म्हणेन. ओढ २९-३० असेल तर मात्र लांब पाती बघा, आणि जमल्यास साठचा हट्टच सोडून ६२-६४ इंचांवर जा. झाडावरच्या मचाणात चार इंच जास्त अडचणीचे होतात हे खरं, पण आखूड धनुष्यात दोरीचा कोन बोटंही चिमटतो.

हा सुखसोयीपुरता प्रश्न नाही. कंपाउंड धनुष्यात चाकांमुळे शेवटी भार हलका होतो, रिकर्व्हमध्ये पूर्ण भार तुमच्या तीन बोटांवर असतो. थंडीत, जाड जाकिटात, हरीण समोर असताना ओढ अर्धा इंच कमी पडली आणि तुम्ही नेमके भिंतीच्या जागी असलात, तर बाणाचा वेग नेहमीपेक्षा बराच घसरतो. बाण खाली जातो. हरीण जखमी होऊन पळतं आणि रात्रभर कुठेतरी तडफडतं.

पात्यांवर छापलेला आकडाही फसवतो. आयएलएफमध्ये तो बहुधा २५ इंची रायझरवर, २८ इंच ओढीला मोजलेला असतो. रायझर दोन इंच आखूड झाला की ताण अंदाजे दोन पौंड वाढतो, कारण पाती तीच पण त्यांना जास्त वाकावं लागतं. म्हणजे '४०' छापलेली पाती १७ इंची रायझरवर ४८ च्या आसपास जातात. तुमची ओढ २६ असेल तर त्यातले चार-पाच पौंड वजा, हातात उरले ४३-४४. बऱ्याच राज्यांत हरणासाठी किमान ताण ३० ते ४० पौंडांच्या दरम्यान आहे, तेव्हा नवख्याने ४५ छापलेली पाती घेऊन शिवधनुष्य उचलायला जाऊ नये. काही उत्पादक आखूड रायझरवर मोजूनच आकडा छापतात. दुकानात हे आधी विचारा.

आणखी एक सांगायला हवं: बोल्टने बसणारी पाती आयएलएफ रायझरला बसत नाहीत. सॅमिक सेजसारख्या ६२ इंची धनुष्याची पाती त्याच जातीच्या रायझरसाठी असतात. होयटची 'फॉर्म्युला' जोडणीही वेगळी. छिद्र मोठं करून बसवायचा देशी जुगाड इथे मुळीच नको. ताणलेलं पातं सुटलं तर चेहऱ्यावरच येतं.

विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडून काटा मागून घ्या. दोरी काट्याच्या आकड्यात अडकवा आणि २४ इंचांपासून एकेक इंच ओढत आकडे लिहून काढा, तुमच्या ओढीच्या एक इंच पुढपर्यंत. फरक दोन, दोन, अडीच असे येत असतील तर जोडी तुमच्यासाठी बरी. शेवटी एकदम चार आला, तर तोच रायझर ठेवून लांब पाती मागा.