वादळ येतंय? तेलाची टाकी रिकामी करू नका, भरा!

समजा, समुद्रावरून चक्रीवादळ येतंय आणि तुमच्या ताब्यात खनिज तेलाची एक अवाढव्य टाकी आहे. हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर येऊन पडलाय, हातात दोन दिवस आहेत. टाकी रिकामी कराल की भराल?

मला हा प्रश्न पहिल्यांदा पडला तेव्हा मी बिनधास्त ‘रिकामी’ म्हणालो होतो. तेल कमी म्हणजे धोका कमी, असंच वाटतं ना? पण उत्तर चुकलं. का चुकलं ते बघू.

पुराच्या पाण्यात टाकी तरंगते

या टाक्या दिसतात किल्ल्याच्या बुरुजासारख्या, पण असतात पत्र्याच्या डब्यासारख्या. व्यास प्रचंड, पत्रा त्या मानाने पातळ. टाकी जागेवर बसलेली असते ती मुख्यतः आतल्या तेलाच्या वजनामुळे. बादलीत रिकामा डबा दाबून धरा आणि सोडा, टुणकन वर येतो. तोच आर्किमिडीजचा नियम इथेही लागू.

साधा हिशोब करू. तेलाची घनता पाण्याच्या ०.८५ पट धरा. टाकीत २ मीटर उंचीपर्यंत तेल असेल, तर त्याचं वजन १.७ मीटर पाण्याइतकं. पत्र्याचं वजन आणखी ०.२ मीटर पाण्याइतकं धरलं, तर एकूण १.९ मीटर. म्हणजे बाहेर पुराचं पाणी २ मीटर चढलं की टाकी उचलली जाणार! १० मीटर तेल असतं तर तेवढ्या पुराने ती हललीही नसती.

२००५ मध्ये अमेरिकेत कतरिना चक्रीवादळात हेच झालं. न्यू ऑर्लिन्सजवळ मेरो इथल्या रिफायनरीत २,५०,००० बॅरल क्षमतेच्या टाकीत फक्त ६५,००० बॅरल तेल होतं. पुराने टाकी पायावरून सरकली, फाटली आणि सुमारे २५,००० बॅरल, म्हणजे जवळपास ४० लाख लिटर तेल बाहेर आलं. शेजारच्या वस्तीतल्या सुमारे १,८०० घरांपर्यंत ते पोचलं. पूर ओसरला, पण घरांत तेलाचा थर राहिला. म्हणूनच पुराच्या आधी टाकी तेलाने, नाहीतर चक्क पाण्याने भरून जड करून ठेवतात.

पावसात छप्पर बुडतं

अनेक मोठ्या टाक्यांचं छप्पर तेलावरच तरंगत असतं. तेल वाढलं की छप्पर वर, कमी झालं की खाली. मध्ये मोकळी जागा नाही, त्यामुळे वाफ साठत नाही. आयडिया भारीच आहे. पण वर पडलेलं पावसाचं पाणी पाइपातून बाहेर काढावं लागतं. तो पाइप तुंबला किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद राहिला, तर छपरावर तळं साचतं.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकानुसार, निचरा पूर्ण बंद असतानाही २४ तासांत २५० मिलिमीटर पाऊस छपराने पेलला पाहिजे. आकडा मोठा वाटतो? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता! २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या पावसात टेक्सासमध्ये अशी अनेक छपरं कलंडली, बुडाली आणि घातक वाफा हवेत गेल्या. आम्ही कोड लिहितानाही असंच करतो. ‘एवढा लोड कधी येणारच नाही’ म्हणून मर्यादा टाकतो. फक्त आमचं ॲप बंद पडतं, इथे वस्तीचा श्वास अडकतो.

आणि वीज

छप्पर आणि टाकीची भिंत यांच्यामध्ये रबरासारखं सील असतं. तिथे थोडी वाफ असतेच. विजेचा हजारो अँपिअरचा प्रवाह छपरावरून भिंतीकडे जाताना वाटेत फट आली की ठिणगी उडते. ठिणगी, वाफ आणि हवा एकत्र आले की झालं. म्हणून छप्पर आणि भिंत जाड तारेने जोडून प्रवाहाला सरळ रस्ता करून देतात.

मुंबईच्या बंदरात, एलिफंटाजवळच्या बुचर बेटावर ६ ऑक्टोबर २०१७ ला डिझेलच्या टाकीवर वीज पडली. आग पूर्ण विझायला काही दिवस लागले. नशीब, जीवितहानी झाली नाही.

क्यूबातल्या मातान्झासचं नशीब तसं नव्हतं. ५ ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी तिथे तेलाच्या टाकीवर वीज पडली. वीजरोधक यंत्रणा होती, पण ती अपुरी पडली. जवान रात्रभर शेजारची टाकी थंड ठेवायला झटत होते. पहाटे तीही भडकली. किमान १६ जण गेले, शंभराहून जास्त जखमी झाले. मृतांमध्ये लष्करी सेवा करणारी, विशीच्या आसपासची मुलं होती. आपल्याच वयाची.

आपण काय करायचं?

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या. वीज चमकली की रेडिओ लहरी निघतात. वेगवेगळ्या ठिकाणचे सेन्सर त्या किंचित वेगवेगळ्या वेळी पकडतात आणि त्या फरकावरून वीज कुठे पडली ते कळतं. तुमच्या २० आणि ४० किलोमीटर परिघातला धोका ॲप दाखवतं. लोकेशनची परवानगी मात्र द्यावी लागते.

तेलाच्या डेपोजवळ राहत असाल तर आपत्ती आली की कुठल्या रस्त्याने बाहेर पडायचं, ते आजच घरच्यांशी बोलून ठरवा. दुसरी गोष्ट, आग दिसली की व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका. कच्च्या तेलाच्या आगीत टाकीच्या तळाचं पाणी अचानक वाफ होऊन सुमारे १,७०० पट फुगतं आणि पेटलेलं तेल लांबवर उसळतं. आग शांत वाटत असतानाही हे होऊ शकतं, अगदी काही तासांनीसुद्धा.

मातान्झासच्या त्या मुलांना जवळ जावंच लागलं, ते त्यांचं काम होतं. आपल्याला जायची काहीच गरज नाही.