गिनीपिगची हरवलेली पायरी

आवळ्याची थोरवी माणसाला सांगावी लागते. उंदराला ती सांगण्याचे कारण नाही. उंदीर, बकरी, गाय, कुत्रा हे प्राणी ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतातच तयार करतात. गिनीपिगला ते साधत नाही, आणि आपल्यालाही नाही.

ही गोष्ट उजेडात आली ती योगायोगाने. नॉर्वेत होल्स्ट व फ्रोलिश हे दोघे खलाशांच्या बेरीबेरीचा शोध घेत होते. त्यासाठी त्यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले. बेरीबेरी झालाच नाही, झाला स्कर्व्ही! ताजी कोबी किंवा लिंबाचा रस दिला की तो टळे. हे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. त्यांनी उंदीर निवडले असते, तर स्कर्व्ही त्यांच्या दृष्टीस पडलाच नसता.

मग उणीव नेमकी कोठे आहे? साखरेपासून हे जीवनसत्त्व पायरीपायरीने तयार होते. शेवटची पायरी ओलांडण्यास एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागते. ते गिनीपिग, माकड व माणूस यांच्यात नाही, असे अमेरिकेतील बर्न्स यांनी १९५७ साली दाखविले. विकर नाही, कारण ते घडविण्याची कृती ज्या जनुकात असते तो जनुकच मोडलेला आहे. निशिकिमी व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी १९९२ साली गिनीपिगच्या पेशीत त्याचे अवशेष शोधून काढले. पहिला व पाचवा खंड गायब, सहाव्याचाही काही भाग गेलेला. पडक्या वाड्याचे जोते उरावे, तसा प्रकार. हा कोणा एका घराण्याचा दोष नव्हे; सगळी जातच अशी आहे. हिरव्या पाल्यावर जगणाऱ्या त्यांच्या पूर्वजांना ही उणीव जाणवली नसावी, आणि म्हणून ती टिकली.

यावरून गिनीपिग आपला जवळचा आप्त ठरतो काय? मुळीच नाही. त्याचा नातलग उंदीर. आणि उंदराचा जनुक शाबूत आहे. आपल्या जनुकाचे बारांपैकी सात खंड गेले आहेत, आणि मोडतोडही निराळी आहे. आपली हानी सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीची, त्याची दीड कोटीच्या आतबाहेरची, असा अंदाज आहे. दोन घरे वेगवेगळ्या काळी पडली, इतकेच.

गिनीपिग पाळणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. ससा हे जीवनसत्त्व स्वतः बनवतो, म्हणून सशाच्या खाद्यात ते मुद्दाम घालत नाहीत. तेच कोरडे खाद्य गिनीपिगला दिले, तर काही आठवड्यांतच त्याचे सांधे सुजतात, तो चालेनासा होतो आणि पुढे मरतो. गिनीपिगसाठी केलेले खाद्यही फार दिवस साठविले, तर त्यातील ‘क’ जीवनसत्त्व नाहीसे होत जाते. त्याला रोज ताजा पाला हवाच.